चाकाखालचं लिंबू

दर्पण कॉलनीत धुकं इतकं दाट होतं की दारातून फाटक दिसत नव्हतं. हेमेंद्रने सकाळपासून खपून जीपला फॉग लाइट बसवले होते. जीपचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. उजेड कुठे पडतो ते बघायला त्याने बटण दाबलं.

पिवळ्या उजेडात भिंतीवर एक सावली उमटली. जीप आणि भिंतीच्या मध्ये कुणीच नव्हतं. सावलीने डावा हात गुडघ्यावर टेकला आणि ती वाकली. मग काहीतरी तिच्यावर आदळलं. ती भिंतीवर चेचली गेली, मुठी आपटत राहिली, पुन्हा चेचली गेली. आवाज मात्र कसलाच नव्हता.

हेमेंद्रने शिवी हासडत चावी उपसली, बॉनेट उघडून बॅटरीची तारही उपटली. दिवे विझले. भिंतीवर नखांचे ताजे, ओले ओरखडे होते.

"झालं का रे?" त्याची आई, शांताताई, पूजेचं ताट घेऊन आली. गाडीला काही नवं लागलं की चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय ती गाडी हलू देत नसे.

"आई, तू आत जा. पूजा नंतर कर."

"गाडी बंद आहे ना?"

"बॅटरीची तारच काढलीय. पण तू..."

"मग भ्यायचं कशाला?" तिने लिंबू उचललं, जीप आणि भिंतीच्या मध्ये शिरून डावा हात गुडघ्यावर टेकला आणि ती पुढच्या चाकाशी वाकली.

हेमेंद्रने ते वाकणं ओळखलं. तो किंचाळत धावला.

चावी त्याच्या मुठीतच होती, तरीही भिंत पिवळी झाली आणि इंजिनाने डरकाळी फोडली.