सतरावी तुळई

पुलाखालच्या तपासणीच्या वाटेचं लोखंडी दार इंजिनीअरने ढकललं आणि ते आवाज न करता उघडलं. तिला आधी याचंच नवल वाटलं. पाच महिन्यांत इकडे कोणी फिरकलं नव्हतं. बिजागऱ्या एव्हाना किंचाळायला हव्या होत्या.

पूल विभागात पूर्वी नऊ माणसं होती. अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि उरली ती एकटी, पदरात पाच पूल. दर महिन्याला ‘वाहतुकीस योग्य’ असा दाखला सही करून द्यायचा, पण तपासायला ना माणूस ना वेळ. या थोरल्या पुलाची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. सतराव्या तुळईला बोटभर तडा गेला होता. तो वाढला तर बस बंद कराव्या लागणार. आणि वाढलेला कळलाच नाही, तर पुढचं बोलायलाच नको.

अरुंद जाळीवरून ती वाकून पुढे गेली. डोक्यावरून बस गेली की आपल्याच छातीवरून गेल्यासारखी वाटे. तिने टॉर्च मारला आणि जागीच थांबली.

बेअरिंगांना ताजं ग्रीस होतं. नटबोल्ट आवळलेले, गंज खरवडून त्यावर रंगाचा हात दिलेला. सतराव्या तुळईवर, तड्याच्या दोन्ही टोकांना खडूच्या बारीक रेघा आणि शेजारी तारखा. वीस तारखा, सगळ्या बुधवारच्या. तडा रेघेबाहेर गेला नव्हता.

एवढं मोठं धूड, त्यावरून रोज जाणारी हजारो माणसं, आणि कोणीतरी ते सगळं पगाराशिवाय, परवानगीशिवाय तळहातावर तोलून धरलं होतं.

कोणी, हा प्रश्न तिला पडलाच नाही. मुकादमांशिवाय दुसरं कोण? एकतीस वर्षं त्यांनी हा पूल लेकरासारखा सांभाळला. घरी जेवतानाही त्यांना पुलाशिवाय विषय नसतो, अशी विभागात थट्टा चाले. कपातीचं पत्र तिनेच त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी ते न वाचताच घडी घालून खिशात ठेवलं आणि दाराची किल्ली द्यायची विसरून निघून गेले. आता अक्षर जरा गोलसर वाटत होतं, आणि त्यांच्या उंचीच्या मानाने तारखा बऱ्याच खाली होत्या. वय झालं, पाठ वाकली असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

नियमाने पाहिलं तर ही घुसखोरीच होती. तिने तोंडाला कुलूप लावलं. जाताना ग्रीसचा एक डबा दाराशी मुद्दाम ‘विसरली’ आणि खडूने लिहून ठेवलं, ‘पूर्वेचं तिसरं बेअरिंग कोरडं आहे.’

पुढच्या महिन्यात खाली उत्तर होतं, ‘घातलं.’

असं नऊ महिने चाललं. एकदा तिने लिहिलं, ‘एकोणिसाव्या तुळईचा बोल्ट ढिला.’ त्याखाली आलं, ‘एकोणीस नाही, वीस. पुन्हा मोजा.’ तिने पुन्हा मोजलं. वीसच होती. त्या अंधारात ती एकटीच हसली. ऑफिसात आठ रिकाम्या खुर्च्या होत्या. दोन शब्द बोलल्यासारखं वाटे ते इथेच.

मग वरून आदेश आला. गुरुवारपासून पुलाखालच्या सगळ्या दारांना नवी कुलपं. किल्ल्या दोनच, दोन्ही इंजिनीअरच्या ताब्यात.

बुधवारी दुपारी त्यातली एक किल्ली पर्समध्ये टाकून ती मुकादमांच्या घरी निघाली. कोणाला कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती. जिना चढताना तिने बोलायचं ते तीनदा घोकलं. आधी माफी, मग आभार, मग किल्ली.

दार सुनेने उघडलं. सासूबाई बाहेर गेल्यात, बाबा आत आहेत, असं सांगून तिने आतली खोली दाखवली.

मुकादम खिडकीशी पलंगावर टेकून बसले होते. शेजारी स्टुलावर ताट झाकून ठेवलेलं. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण ते उठले नाहीत.

“बसा मॅडम. उठता येत नाही, राग मानू नका.”

दुसऱ्या कोणाची तरी हकिगत सांगावी तसं त्यांनी सांगितलं. पत्र मिळालं त्याच्या चौथ्या दिवशी ते याच जिन्यावरून पडले. कंबरेखालचं सगळं गेलं. चौदा महिने त्यांनी या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

द्यायला पर्समधून काढलेली किल्ली तिने मुठीत मिटून घेतली.

“मग पुलाखाली...” एवढंच ती म्हणाली.

मुकादमांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते घड्याळाकडे पाहत होते.

बाहेरचं दार वाजलं. ठेंगणीशी, साठीची एक बाई तरातरा आत आली. हात कोपरापर्यंत काळे. दाराआड बसलेली पाहुणी तिला दिसलीच नाही.

“अहो, सतरावीचा तडा जिथल्या तिथं आहे. केसभरही हलला नाही,” ती म्हणाली. “आता तरी दोन घास खाल ना?”