रांग माफ

"आई, गुमान बस," अम्युझमेंट पार्कच्या गेटवरच व्हीलचेअर पुढे ढकलत मुलगा खेकसला. "व्हीलचेअर असली की तुला अर्धं तिकीट, शिवाय सगळ्यांना रांग माफ." धडधाकट असून मी बसले.

माझी खुर्ची दाखवून मुलगा, सून, नातवंडं प्रत्येक राइडला बाजूच्या दाराने आत गेली. मी बाहेर उन्हात, मांडीवर त्यांच्या पिशव्या घेऊन.

आकाशपाळण्यापाशी रखवालदाराने विचारलं, "आजींना अजिबात चालता येत नाही?"

"त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं आम्हाला," सुनेने सुस्कारा सोडला.

पहाटे उठून या सगळ्यांची थालीपिठं मी थापली होती.

मी उठले, पिशव्या खुर्चीत ठेवल्या आणि चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले.

रखवालदार मागोमाग आला. "आजी, ही माणसं तुमचीच ना?"

"ओळख नाही आमची. आत यायचं असेल तर माझ्यामागे उभं राहायला सांगा."