लपण पुढे सरकवताना

"पण पक्ष्याला कळत नाही का हो काका, आपल्याकडे कुणी बघतंय ते?"

दुकानदार खूश झाला. नवं गिऱ्हाईक आलं की आधी किंमत विचारतं आणि मग तोंड वाकडं करतं. ही मुलगी मात्र मुद्द्याला हात घालत होती. ऑफिसची बॅग अजून खांद्यालाच होती, पण कान टवकारून ऐकत होती. पक्ष्यांचे फोटो काढायचेत, यातलं ओ की ठो कळत नाही, काय काय लागतं ते सांगा, असं ती आल्या आल्या म्हणाली होती. मग काय, दुकानदाराची गाडी सुटली ती सुटलीच.

"कळतं तर! पाखरू म्हणजे काय खुळं वाटलं? म्हणून तर लांबची लेन्स." त्याने कपाटातली हातभर लांब लेन्स काउंटरवर आणून ठेवली. "पण ही हातात धरून फोटो काढाल तर हलणार. खाली ट्रायपॉड हवा, आणि तोही दणकट. लोक लेन्सवर पाण्यासारखा पैसा ओततात आणि ट्रायपॉडच्या वेळी हात आखडतात. मग येतात रडत."

"आणि लपायला?"

"लपण घ्यायचं. म्हणजे हा एवढासा तंबू. नाहीतर हे पाल्याच्या रंगाचं जाळीचं कापड. अंगावर घेतलंत की झालात तुम्ही झुडूप!" तो स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. ती हसली नाही.

"मग तिथेच बसून राहायचं?"

"हां, इथंच सगळे चुकतात. पहिल्याच दिवशी जवळ गेलात की पाखरू भुर्र. आधी लांब बसायचं. रोज त्याच वेळी, दगडासारखं. त्याला सवय झाली की लपण थोडं पुढे सरकवायचं. परत बसायचं. परत थोडं पुढे. हे काही करत नाही म्हटल्यावर त्याची भीती मोडते. आमच्या चिरंजिवांना हेच शिकवलंय मी. नोकरी सुटल्यापासून खोलीत नुसता कुढत बसायचा, कुणाशी बोलेना. म्हटलं, दुकानातली सगळ्यात भारी लेन्स घे आणि बाहेर पड. आता रोज संध्याकाळी जातो. तळ्यावरच्या खंड्याच्या मागे आहे. अजून एक फोटो दाखवला नाहीये पठ्ठ्याने, पण माणसात आला हो!"

"आणि सरकत सरकत शेवटी कुठे जायचं असतं?"

"शेवटी काय, घरट्यापाशी."

मुलगी पांढरीफटक पडली. तिने मोबाइल काढून त्याच्यासमोर धरला.

"मी खोटं बोलले, काका. मला फोटोबिटो काढायचे नाहीत. मी एकटी राहते. आधी हा मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर असायचा. मला वाटलं, ताडपत्री पडलीय. मग अर्धवट बांधलेल्या इमारतीत दिसायला लागला. मग थेट समोरच्या गच्चीवर. मी चौकीत गेले तर तिथले पोलीस हसले. म्हणाले, पक्षीवाले असतात असे, नाव कळलं तर या. हा फोटो मोठा करून पाहिला, तर कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर तुमच्या दुकानाचं नाव. कोण आहे हा?"

दुकानदाराने चष्मा चढवला. गच्चीचा कठडा. त्यामागे जाळीचा ढीग, त्यातून डोकावणारी काळी गोल काच. पिवळा पट्टा. असा पट्टा तर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा. त्याच्या जिवात जीव आला. मग त्याला जाळीचा कोपरा दिसला. तिथे जुन्या जांभळ्या पडद्याचं ठिगळ होतं. "पाखरांना कुठे रंग कळतात," म्हणत त्याच्या बायकोनेच ते लावलं होतं.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एक नाव तोंडातून निघालं की संपलं, हे त्याला लख्ख कळत होतं. चौकी, कोर्ट, चारचौघांत छी थू. पोरगा परत त्या खोलीत जाऊन बसेल आणि या वेळी बाहेर यायचाच नाही. त्यापेक्षा आज घरी गेल्यावर त्याचे कान उपटू. लेन्स काढून घेऊ. हिच्या वाटेला तो परत जाणार नाही, आणि घरातली गोष्ट घरातच मिटेल. बाप मेलाय का अजून? असं त्याने स्वतःला समजावलं.

"असले पट्टे मी गावभर वाटलेत," तो म्हणाला. "आणि चेहरा कुठे दिसतोय, पोरी? कसं सांगणार?"

तिने मोबाइल बॅगेत टाकला.

"असू दे, काका. तसाही कालपासून गच्चीवर नाहीये तो. कंटाळला असेल मेला." तिने हसायचा प्रयत्न केला. "निघते. अंधार पडायच्या आत घरी पोचलेलं बरं."

ती गेली. दुकानदाराला दरदरून घाम फुटला होता. लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. ती कुठे राहते, हे त्याने विचारलंच नव्हतं. त्याने मुलाला फोन लावला.

मुलाने लगेच उचलला. कितीतरी महिन्यांत त्याचा आवाज इतका आनंदी वाटला नव्हता. पण तो अगदी हळू बोलत होता, आणि बंद जिन्यात घुमावा तसा आवाज घुमत होता.

"कुठे आहेस रे?" बापाने विचारलं. "आत्ताच्या आत्ता घरी ये. ती मोठी लेन्स घेऊन ये."

"उद्या आणून ठेवतो, बाबा," तो कुजबुजला. "इथून ती लागतच नाही."