नावेचा तळ

"मी मासे धरायला आलोय, बाई. दवाखान्यात नाही," पैसे मोजून आलेला गिऱ्हाईक प्रेस्टन म्हणाला. हळू म्हणाला नाही.

मागच्या बाकावर नाव चालवणाऱ्या नोरीनचा बाप बसला होता. हॉलिस. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि उजवा पाय त्याहून जास्त. टाचेखाली त्यानं आपल्या जाड कोटाची घडी ठेवली होती. नावेचा तळ ॲल्युमिनियमचा, त्यावर पाय वाजू नये म्हणून. आजार जडल्यापासून, चार वर्षं, तो असाच बसायचा.

"ते काही तुमचे मासे खात नाहीत, साहेब," नोरीन म्हणाली. "तुम्ही पुढं बघा."

"पुढं तरी काय आहे बघायला?"

तेही खोटं नव्हतं. उजाडल्यापासून तीन तास गळाच्या सहा काठ्या पाण्यावर नुसत्या उभ्या होत्या. खाली चाळीस फुटांवर गळाला टोचलेले सहा जिवंत शॅड मासे आमिष म्हणून फिरत होते. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळ्याच्या तळाची रेघ दिसत होती, बाकी सगळं कोरं. जानेवारीतलं टेक्सोमा तळं शिसं ओतल्यासारखं पसरलं होतं. प्रेस्टननं मुद्दाम म्हाताऱ्याकडं पाठ केली.

आजारी माणूस समोर आला की धडधाकट माणसाला आपलाच अपमान झाल्यासारखा वाटतो. त्याला वाटतं, हे कुणीतरी झाकून ठेवायला हवं होतं. डॅलसहून आलेल्या प्रेस्टनला तसं वाटलं, त्यात नवल नाही. पण नोरीननंही आज पहाटे गाडीत बापाला सांगून टाकलं होतं, "डॅडी, आजचा शेवटचा दिवस. उद्यापासून तुम्ही घरीच थांबा. लोक तक्रारी करतात." रस्त्याकडं बघत सांगितलं. त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. गळाची पहिली गाठ तिला ज्यानं शिकवली तो माणूस नुसता "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

या तळ्यावर पट्टेरी बास मासे शोधत नाहीत, बोलावतात. नावेचा तळ ठोकायचा. एकसारखा, न थकता. मासा का येतो ते कुणालाच माहीत नाही. शिकलेल्यांनी कारणं पुष्कळ सांगितली, त्यानं कुणाची टोपली भरली नाही. हॉलिस चाळीस वर्षं बुटाच्या टाचेनं ठोकायचा. मग पाय त्याचं ऐकेना. तेव्हा नोरीननं ठोकायचं यंत्र आणलं. एक पेटी, आत मोटर, मोटरला हातोडी. आज ते यंत्रही मुकं होतं.

तिनं पेटीवर दोन गुद्दे घातले. पेटीनं दोन ठोके दिले आणि गप्प बसली. तिनं शिवी हासडली आणि दुसरी जागा हेरायला नावेच्या पुढच्या टोकाशी गेली.

उत्तरेचा वारा सुटला. प्रेस्टनच्या अंगात शहरातलं पातळ जाकीट होतं. त्याचे दात वाजायला लागले. हॉलिस वाकला. टाचेखालची घडी ओढून काढायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं कोट पुढं केला. हाताबरोबर कोटही थरथरत होता.

"घे रे," तो म्हणाला. "बाहेरून मळलाय, पण ऊब आहे."

प्रेस्टननं कोट घेतला. घेताना त्याच्याकडं बघितलं नाही, आणि अंगात घालून पुन्हा पाठ केली.

नोरीन पुढं पाण्याकडं तोंड करून उभी होती. पाठीमागं आवाज सुरू झाला. ठक ठक ठक ठक.

"मेलं एकदाचं चालू झालं," ती म्हणाली. मागं वळून बघायची तिला गरज वाटली नाही.

आधी पडद्यावर तळाशी एक ठिपका आला. मग दहा. मग तळाची रेघच दिसेना. खालून एक भिंत वर चढत होती आणि ती भिंत जिवंत होती. प्रेस्टननं टोपी काढली. का काढली ते त्याला कळलं नसावं. सहाही काठ्या एकदम वाकल्या, टोकं पाण्यात गेली, आणि नावेभोवती दीडशे हात पाणी उकळायला लागलं. चंदेरी पाठी, काळे पट्टे, वीतभर रुंद शेपट्या. कुठून तरी हजारभर पांढरे पक्षी आले आणि पाण्यावर तुटून पडले. हा समुद्राचा मासा. धरणाच्या भिंतीआड त्याच्या पिढ्या गेल्या, त्यानं समुद्र बघितलेला नाही. पण वर आला तो समुद्रासारखा आला.

ओढायचं, सोडवायचं, पुन्हा आमिष लावायचं. प्रेस्टनच्या बोटांतून रक्त येत होतं आणि तो देवळात आल्यासारखा गप्प होता.

एका माणसाला धरायची मुभा असते तेवढे मासे झाले तेव्हा तो नावेच्या काठाला टेकून बसला.

"बाई," तो म्हणाला, "ते यंत्र बंद करू नका. मासे नकोत आता. मला नुसतं बघायचंय."

"बॅटरी उतरेल, साहेब." नोरीन पेटीपाशी गेली. बटणाकडं हात नेला. पेटीतून जळक्या तारेचा वास येत होता. हातोडी गार पडली होती.

ठोके चालूच होते.

ती वळली. हॉलिस दोन्ही हातांनी आपला गुडघा दाबून धरत होता. कपाळावर घाम होता.

"थांबवतो गं पोरी, थांबवतो," तो म्हणाला. "कोट त्याला दिला ना, म्हणून वाजतोय."

नोरीन त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. तिनं त्याचे दोन्ही हात गुडघ्यावरून उचलले आणि आपल्या हातात धरले. पाय मोकळा झाला. नावेभोवती मासे पुन्हा उसळले.

"उद्या पाचला निघायचंय, डॅडी," ती त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली. "येताना दुसरा कोट अंगात घाला. पायाखाली काही घ्यायचं नाही."