एक्केचाळीस नंबरची रेघ

सकाळपासून ती खुर्चीत धड बसली नव्हती. समोरच्या पडद्यावर दोनशे बारा रेघा होत्या, दोनशे बारा रुग्णवाहिकांमधल्या फोनांच्या. कुठल्या फोनवर रस्ता दाखवणारं ॲप किती मेमरी खातंय ते त्या रेघांवरून कळायचं, आणि त्यांच्यावर नजर ठेवणं हेच तिचं काम. एरवी त्या सपाट असायच्या. काल संध्याकाळी ॲपची नवी आवृत्ती सगळ्यांना गेली आणि आज एकेक रेघ मुंगीच्या पावलांनी वर चढत होती.

साहेबांना तिने दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, जुनी आवृत्ती परत द्यायची तर भर दुपारी प्रत्येक गाडीचा नकाशा पाच मिनिटं बंद राहणार, त्यापेक्षा शिफ्ट संपेपर्यंत थांबू. बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. ती येऊन बसली, उठली, पुन्हा बसली.

पावणेदोनला एक्केचाळीस नंबरची रेघ लाल खुणेला भिडली आणि तिथेच तुटली. फोनला भार झेपेना, त्याने ॲपच बंद करून टाकलं होतं.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. नवा माणूस, कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. मागे दम्याने घुसमटलेली बाई, तिचा नवरा आणि नर्स. गाडी एकसारख्या इमारतींच्या वसाहतीत अडकलेली. नकाशा गेल्यापासून तो एकाच चौकातून दोनदा फिरला होता. ॲप उघडावं तर लगेच मिटत होतं. मेमरी मोकळी करायला फोन बंद करून चालू करायचा तर तीन मिनिटं लागली असती, आणि तेवढा वेळ नाही असं नर्सने बजावलं होतं.

"दादा, गाडी थांबवू नका," ती म्हणाली. "डाव्या हाताला काय दिसतंय?"

"पाण्याची टाकी. निळी."

तिने आपल्या पडद्यावर नकाशा उघडला, टाकी शोधली आणि एकेक वळण सांगत गेली. दुसऱ्या गल्लीत उजवीकडे. शाळेची भिंत संपेपर्यंत सरळ. पूल चढायचा नाही, खालून जायचं. मधूनच नवऱ्याचा आवाज यायचा, बायकोला नावाने हाका मारणारा. सांगता सांगता तिची जीभ अडखळायची, मग पुढचं वळण यायचं.

नऊ मिनिटांनी गाडी हॉस्पिटलला पोचली. दार आपटल्याचा आवाज आला, मग स्ट्रेचरच्या चाकांचा. ड्रायव्हरला परत फोनवर यायला बराच वेळ लागला.

"ताई, आत नेलंय. श्वास चालू आहे."

तिने फोन खाली ठेवला. साहेब केव्हापासून मागे उभे होते. वर कळवावं लागेल, ते हळूच म्हणाले. फोन जुने झालेत असं लिहू, म्हणजे तुझ्यावर काही यायचं नाही. नवी आवृत्ती तपासून पुढे पाठवली होती ती तिनेच. नोकरीत कायम होऊन तिला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

तरी ती वळली.

"फोन ठीक आहेत, साहेब. मी नवं ॲप दहा मिनिटं चालवून बघितलं. ते लोक बारा तास चालवतात."

पडद्यावर आणखी सात रेघा लाल खुणेपाशी आल्या होत्या. तिने ड्रायव्हरांची यादी काढली. ज्या गाडीत आत्ता पेशंट नाही, तिथे फोन करायचा आणि ड्रायव्हरला त्याचा फोन बंद करून चालू करायला सांगायचं. बाकीच्यांना गाडी रिकामी होताच. असं एकेकाला, सगळ्यांना. तिने पहिला नंबर लावला.

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली.

"अर्धी यादी इकडे दे," ते म्हणाले. "मी तर दहा मिनिटंही बघितलं नव्हतं."