पांचट चहा

मनाच्या आजारानं महिनाभर दवाखान्यात राहून आल्यापासून मंजुषाला घरात जो तो एकच विचारायचा, "गोळी घेतली का?" जेवलीस का, हे कुणी विचारेनासंच झालं. दवाखान्यानं सोबत म्हणून जोडून दिलेल्या, स्वतःही त्याच आजारातून गेलेल्या अंबूबाई मात्र दर बुधवारी फुलबाजार उरकून यायच्या आणि पहिल्याच घोटाला करवादायच्या, "काय गं, आजपन च्या पांचटच!" तिच्यावर चिडायची हिंमत करणाऱ्या त्या एकट्याच.

या बुधवारी अंबूबाई मुकाट्यानं चहा प्यायल्या. मंजुषानं मुद्दाम पांचट केला होता, तरीही.

"काय झालं, अंबूबाई?"

"माझ्या गोळ्या या पिशवीतच हायेत. दोन दिस झाले, घेतल्याच नाय गं."

मंजुषानं ताट वाढलं. "आधी जेवा. मग दोघी मिळून घेऊ."