लेकीचा घास
एकोणऐंशी साली पेठच्या डोंगरातल्या भागीबाईला तिच्या नवऱ्याने नाशिकच्या दवाखान्यात आणलं. ती मेलेल्या लेकीशी बोलायची. ‘हे भास आहेत’ असं वाक्य मनोविकारतज्ज्ञ गांगुर्डेबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भागीबाई खुर्चीवर बसेना, म्हणून बाईही तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. “काय म्हणते लेक?” त्यांनी हलकेच विचारलं. “भूक लागली म्हनते.” “तिच्यासाठी घास ठेवला होता?” भागीबाईने नाही अशी मान हलवली. लेक तापाने गेली तेव्हा आई दिंडोरीला द्राक्षमळ्यात मजुरीला होती. ती पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि नवऱ्याला बजावलं, “दादा, आधी हिच्या हातची नागलीची भाकरी लेकीसाठी ठेवा.” महिन्याने भागीबाई पुन्हा आली. “आता लेक बोलते?” बाईंनी विचारलं. “नाय. जेवून निजली पोर,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.